ओठ सुजला, पण खाज सुटली का?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात मधमाशीच्या दंशाबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते: ओठ किंवा जीभ सुजली म्हणजे दर वेळी ॲलर्जीच असते असं नाही. त्या वाक्याने महिनाभर माझा पिच्छा पुरवला. पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात पत्रांचा गठ्ठा साठला, आणि मोबाइल उघडावा तर सुजलेल्या ओठांचे फोटो. नातू म्हणाला, ‘आजी, तुझी गॅलरी भीतिदायक झालीय.’ त्यातले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा, नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यातून निवृत्त. गेल्या दोन महिन्यांत तीनदा खालचा ओठ सुजला, एकदा जिभेची डावी बाजूही. दर वेळी आदल्या दिवशी मिसळ खाल्लेली होती, म्हणून मिसळ सोडली. तरी चौथ्यांदा सूज आलीच. खाज नाही, अंगावर काही उठत नाही. जवळच्या डॉक्टरांनी सेट्रिझिन आणि एक इंजेक्शन दिलं, फरक पडला नाही. दीड दिवसाने आपोआप उतरली. बीपीसाठी चार वर्षांपासून रामिप्रिल, साखरेसाठी सहा महिन्यांपासून विल्डाग्लिप्टिन-मेटफॉर्मिन चालू आहे. मसाल्यातल्या नेमक्या कशाची ॲलर्जी असावी?

काका, मिसळीवरचा आरोप मागे घ्या. नाशिकमध्ये कुठल्याही दिवसाचा आदला दिवस घ्या, मिसळ खाल्लेली निघण्याची शक्यता दांडगी. तुमच्या पत्रातला खरा संशयित शेवटून दुसऱ्या वाक्यात बसलाय, आणि त्याचं नाव रामिप्रिल.

आता जरा मागे जाते, म्हणजे पुढची उत्तरंही सोपी होतील. त्वचेच्या किंवा आतल्या नाजूक अस्तराच्या खोल थरात रक्तवाहिन्या अचानक पाझरू लागल्या की जी फुगवट सूज येते तिला अँजिओएडिमा म्हणतात. जर्मनीतल्या क्विंके या डॉक्टरांनी १८८२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून जुनी पुस्तकं तिला क्विंकेची सूज म्हणत. बाहेरून ती कशीही आली तरी दिसते सारखीच. पण रक्तवाहिन्यांना पाझरायला लावणारे मुख्य हात दोन आहेत. एक हिस्टामिन, ते मास्ट पेशींतून, म्हणजे ॲलर्जीत फुटणाऱ्या पेशींतून, सुटतं. आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो त्या गांधींच्या मागेही तेच असतं. दुसरं ब्रॅडिकायनिन. हिस्टामिन खाजवतं, ब्रॅडिकायनिन खाजवत नाही. हिस्टामिनवर सेट्रिझिन, स्टिरॉइड, ॲड्रेनलिन यांचा उतारा चालतो. ब्रॅडिकायनिनवर या तिघांचाही फारसा उपयोग होत नाही. हिस्टामिनची सूज मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत चढते आणि बहुतेक वेळा दिवस-दीड दिवसात उतरते. दुसरी हळूहळू चढते आणि मुक्काम करते. २०२४ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून या सुजेचे पाच गट पाडले: मास्ट पेशींमुळे येणारी, ब्रॅडिकायनिनमुळे येणारी, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या बिघाडाची, औषधामुळे येणारी आणि कारण न सापडलेली. आपल्या दवाखान्यातल्या टेबलावर मात्र पहिले दोन वेगळे करता आले तरी अर्धी लढाई जिंकल्यासारखी असते.

तुमचं औषध या चित्रात कुठे बसतं ते पाहा. शरीरात एसीई नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते बीपी वाढवणारा पदार्थ तयार करतं, आणि त्याच वेळी ब्रॅडिकायनिन मोडूनही टाकतं. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ आहे त्या रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल या गोळ्या हे विकर अडवतात. बीपी उतरतं, पण ब्रॅडिकायनिन साठतं. काहींना त्याने कोरडा खोकला लागतो, तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. हजारात एक ते सात जणांना त्याने ओठ-जीभ सुजते. गंमत अशी, की ब्रॅडिकायनिनचा शोध १९४९ साली ब्राझीलमध्ये जाराराका नावाच्या विषारी सापाच्या विषावर काम करताना लागला, आणि पुढे त्याच सापाच्या विषातून धागा पकडून या गोळ्या तयार झाल्या. म्हणजे सापाने आधी रोग दाखवला आणि मग औषधही दिलं.

‘पण चार वर्षं गोळी घेतोय, तेव्हा काही झालं नाही’ असं तुम्ही म्हणाल. प्रत्येक रुग्ण हेच म्हणतो, आणि म्हणूनच निदान चुकतं. ही सूज बऱ्याचदा पहिल्या काही आठवड्यांत येते, पण वर्षानुवर्षं गोळी सुखाने चालल्यावरही येऊ शकते. त्यात तुमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी विल्डाग्लिप्टिन आलं. ग्लिप्टिन गटाची औषधं अडवतात ते विकरही अशाच काही पदार्थांची विल्हेवाट लावतं, आणि ‘प्रिल’सोबत विल्डाग्लिप्टिन घेणाऱ्यांत ही सूज जास्त दिसल्याची नोंद आहे. एकट्याने केलेला गुन्हा नाही, जोडीदार मिळाला.

आता काय करायचं. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा, ‘प्रिल’ बंद करून बीपीची दुसऱ्या गटातली गोळी ठरवून घ्या. स्वतःहून बीपीचं औषध सोडून बसू नका. बहुतेकांना टेल्मिसार्टन, लोसार्टन हे ‘सार्टन’ गटातलं औषध चालतं. तुमच्या बाबतीत काय, ते तेच ठरवतील. गोळी थांबवल्यावरही पुढचे काही आठवडे एखादी सूज येऊ शकते. ‘बंद करूनही आली, म्हणजे गोळीचा संबंध नव्हता’ असं समजून ती पुन्हा सुरू करणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीच करू नका. तुमच्या केसपेपरवर, पाकिटातल्या चिठ्ठीवर आणि काकूंच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवा: ‘प्रिल गटाची गोळी आयुष्यात पुन्हा द्यायची नाही.’ आणि आधीच्या सुजा ओसरल्या म्हणून पुढची जिभेची सूज घरात बसून बघायची नाही. आवाज बदलला, थुंकी गिळता येईना, श्वासाला घरघर लागली, तर १०८. तिथे डॉक्टरांनी ॲड्रेनलिन दिलं तर वाद घालू नका. घसा बंद होत असताना कारण शोधत बसायला वेळ नसतो आणि ॲलर्जीची शक्यता शंभर टक्के नाकारताही येत नाही. फक्त त्यांना गोळ्यांची पाकिटं दाखवा.

मिसळ खा. तर्री बीपीसाठी बेताची.

प्रश्न : डॉक्टरताई, आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझी लेक १६ वर्षांची. अकराव्या वर्षापासून तिचा कधी हात, कधी पाय, कधी एक डोळा सुजतो. सूज तीन-चार दिवस राहते. खाजत नाही, ताणल्यासारखं दुखतं. मध्येच पोटात इतकं दुखतं की गडबडा लोळते, उलट्या होतात, सलाईन लावावं लागतं, दोन दिवसांनी आपोआप बरं वाटतं. दोनदा सोनोग्राफी झाली. एकदा ‘पोटात थोडं पाणी’ असं आलं. पाळी नियमित नाही म्हणून सात महिन्यांपूर्वी गोळ्या सुरू केल्या, तेव्हापासून त्रास महिन्यातून दोनदा. सगळे म्हणतात फवारणीच्या औषधाची ॲलर्जी. तिच्या वडिलांचेही छाटणीच्या दिवसांत हात सुजतात, पण ते कात्रीमुळे. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, कारण सासऱ्यांची बहीण अशीच घसा धरून तिशीत गेली. कुठली ॲलर्जीची तपासणी करू?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना कागदावर झाड काढलं: वर सासऱ्यांची बहीण, तिच्या शेजारी सासरे, खाली तुमचे मालक, त्यांच्याखाली लेक. तुम्ही चार वेगवेगळी कारणं लिहिली आहेत: बाहेरची बाधा, कात्री, फवारणी, पाळी. मला ती चारही एकाच फांदीला लागलेली दिसताहेत. तपासल्याशिवाय ठामपणे सांगणार नाही, पण हा आनुवंशिक अँजिओएडिमा असण्याची दाट शक्यता आहे, आणि ॲलर्जीच्या एकाही तपासणीत तो सापडणार नाही.

हे एवढ्या ताडकन का म्हणते, त्यामागे माझी एक जुनी चूक आहे. १९९४ साली मी नुकती स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू केली होती. कळवणकडची एक बावीस वर्षांची सून पोट धरून आली. पोट कडक, उलट्या, नाडी धावतेय. मी अपेंडिक्स म्हणून चिठ्ठी दिली, सर्जननी त्याच रात्री पोट उघडलं. अपेंडिक्स गोरंपान निघालं. आतड्याचा एक तुकडा सुजलेला आणि पोटात स्वच्छ पाणी, एवढंच. तीन महिन्यांनी ती उजवा हात पुरणपोळीसारखा फुगवून आली, आणि मी काय केलं? ॲलर्जीची गोळी दिली. पुढची सात वर्षं तीच गोळी देत राहिले. ‘डॉक्टर, याने काही होत नाही हो,’ असं ती दर वेळी सांगायची आणि मी दर वेळी गोळीची कंपनी बदलायचे. गोळी लागू पडत नाही हीच रोगाची खूण आहे, हे माझ्या डोक्यात शिरायला २००१ उजाडलं. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने तिला मुंबईला पाठवलं, रक्त तपासून घेतलं, तेव्हा नाव कळलं. तिच्या पोटावरचा तो टाका मी आजही विसरलेले नाही.

या आजारात शरीरातलं सी-१ इनहिबिटर नावाचं प्रथिन कमी पडतं. ब्रॅडिकायनिन तयार करणाऱ्या साखळीला ते लगाम घालतं. तो लगाम सैल झाला की साखळी उधळते. दोष सर्पिंग-१ या जनुकात असतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आलेली बिघडलेली एक प्रत पुरते, म्हणून प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, निम्मी शक्यता. पन्नास हजारांत सुमारे एकाला हा आजार असतो. पाच पिढ्यांत चालत आलेल्या अशा सुजेचं वर्णन विल्यम ऑस्लर या डॉक्टरांनी १८८८ सालीच केलं होतं. कोणतं प्रथिन कमी पडतं ते मात्र १९६३ साली कळलं. साधारण चार-पाचांपैकी एका रुग्णाच्या घराण्यात कुणालाच त्रास नसतो, दोष त्याच्यापासूनच सुरू झालेला असतो. तुमच्याकडे तो प्रश्नच नाही.

तुमच्या एकेका ओळीचा अर्थ लावते. कात्री: तळहातावर सतत दाब आला की या लोकांचा हात सुजतो. ऑक्टोबर छाटणीत दिवसभर कात्री चालवली की मालकांचा हात फुगतो आणि बागेतल्या इतर गड्यांचा फुगत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. पोटदुखी: तीच सूज, फक्त आतड्याच्या भिंतीला. पाझरलेलं पाणी पोटात उतरतं. सोनोग्राफीत दिसलं ते बहुधा तेच. अकरावं वर्ष: लहानपणी सुरू होऊन वयात येताना जोर धरणं ही याची नेहमीची चाल. पाळीच्या गोळ्या: त्यांत एस्ट्रोजन असेल, आणि बहुतेक मिश्र गोळ्यांत ते असतं, तर आगीत तेल. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे पत्र दाखवा आणि एस्ट्रोजन नसलेला पर्याय विचारा. सूज यायच्या आधी अंगावर जाळीसारखे लाल, न खाजणारे पट्टे उमटतात का, हेही लेकीला विचारा. काहींना ती आगाऊ सूचना मिळते. पट्टे पाहून डॉक्टर पुन्हा ‘पित्त’ म्हणतील, तेव्हा ‘खाजत नाही’ हे ठासून सांगा.

तपासण्या तीनच, पण नीट करून घ्या. पहिली सी-४. प्रतिकारशक्तीच्या साखळीतला रक्तातला हा घटक या आजारात झटका नसतानाही बहुतेकांत कमी सापडतो आणि तपासणी फार महागही नसते. दुसरी सी-१ इनहिबिटरचं प्रमाण. तिसरी, जी हमखास राहून जाते, ती त्याच प्रथिनाची कार्यक्षमता. दर शंभर रुग्णांतल्या सुमारे पंधरांत हे प्रथिन रक्तात भरपूर असतं, पण निकामी असतं. नुसतं प्रमाण मोजलं की रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि सगळे हात झटकतात. पंगतीला वाढपी मोजून उपयोग नाही, वाढताहेत का ते बघायचं. रक्ताचा नमुनाही हळवा असतो. उशिरा पोचला, नीट थंड राहिला नाही तर उत्तर चुकतं. म्हणून एखाद्या कलेक्शन सेंटरवर रक्त देऊन मोकळं होण्याऐवजी ही तपासणी जिथे नेहमी होते त्या मोठ्या लॅबला आधी फोन करा. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून खात्री करतात. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे, ती प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांवर काम करते. तिथे विचारता येईल. चंदीगडच्या पीजीआयमध्ये या आजारावर मोठं काम झालंय. लेकीसोबत मालकांचंही रक्त द्या, तिला भावंडं असतील तर त्यांचंही.

सगळं नॉर्मल आलं तर? तरीही झाड खोटं ठरत नाही. सी-१ इनहिबिटर शाबूत असूनही होणारा आनुवंशिक प्रकार आहे. त्यात फॅक्टर बारा या रक्त गोठण्याशी संबंधित प्रथिनाच्या जनुकासारख्या दुसऱ्या जनुकांत दोष असतो, तो जनुकीय तपासणीत शोधतात. त्याचा त्रास बायकांनाच जास्त, आणि एस्ट्रोजनने तोही भडकतो.

उपचारांचं सविस्तर तुमचे तज्ज्ञ सांगतील. नेमकी औषधं आहेत: कमी पडलेलं प्रथिनच शिरेतून देणं, झटक्यात पोटाच्या त्वचेखाली टोचायचं इकॅटिबंट, झटके टाळायला ठरावीक दिवसांनी टोचायचं लानाडेलुमॅब. महाग आहेत आणि गावोगाव मिळत नाहीत. ती नसतील तेव्हा आपल्याकडे गोठवून ठेवलेला प्लाझ्मा देतात आणि त्याने बऱ्याच जणांचा झटका आवरतो. रोजच्या वापराला ट्रानेक्झामिक ॲसिड, डॅनाझॉल अशी जुनी औषधं आहेत. डॅनाझॉलने वयात येणाऱ्या मुलींना चेहऱ्यावर लव, पाळी बिघडणं असे त्रास होतात, म्हणून तुमच्या लेकीसाठी तो पहिला पर्याय नाही. दाढ काढायची असेल तर दातांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. दातांच्या कामानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, घसा सुजू शकतो. आधीच औषध देऊन ते टाळता येतं. आणि घरात कुणालाही ‘प्रिल’ची गोळी द्यायची नाही. पहिल्या प्रश्नातल्या काकांना ती नुसती भोवली, मालकांना भोवली तर जीवावर बेतेल.

सासूबाईंना एक निरोप द्या. त्यांच्या नणंदेला बाधा वगैरे काही नव्हतं. घशाला आलेली सूज होती, आणि त्या काळी निफाडात काय, नाशकातही ती कुणी ओळखली असती असं वाटत नाही. या आजाराच्या निम्म्याहून जास्त लोकांना आयुष्यात एकदा तरी घशाची सूज येते. म्हणून लेकीचा आवाज घोगरा झाला, घशात गोळा वाटला, तर रात्र असो, फवारणी अर्धी राहिलेली असो, गाडी काढायची. आणि दवाखान्यात सांगायचं, ही ॲलर्जी नाही.

लेकीला घेऊन एकदा या. मालकांनाही आणा, ‘मला काही नाही’ म्हणून ते टाळतील, पण आणा.

प्रश्न : मॅडम, वय २९, अंबडला कंपनीत शिफ्ट ड्यूटी. चार महिने रोज अंगावर गांधी उठतात, प्रचंड खाज. आठवड्यातून एकदा ओठ किंवा पापणी सुजते. ॲलर्जीची मोठी रक्ततपासणी केली, त्यात ११ पदार्थ पॉझिटिव्ह आले: वांगं, शेंगदाणे, हरभरा, दही वगैरे. सगळे बंद केले, नऊ किलो वजन उतरलं, गांधी चालूच. पाठदुखीसाठी अधूनमधून आयब्रुफेन घेतो.

अरे बाबा, तू उपाशी राहून काय मिळवलंस? त्या रिपोर्टवर माझा जुना राग आहे. त्यात एवढंच दिसतं की तुझ्या रक्ताला त्या पदार्थांची ओळख आहे. ओळख म्हणजे वैर नव्हे. शेंगदाणा खरंच वैरी असता तर खाल्ल्यावर तासा-दोन तासांत तमाशा झाला असता आणि तुला कुठलाही रिपोर्ट लागला नसता. रोज उठणाऱ्या, सहा आठवड्यांहून जास्त चाललेल्या गांधी बहुतेक वेळा अन्नाच्या ॲलर्जीच्या नसतात. मास्ट पेशी आतल्याच कारणाने, बऱ्याचदा आपल्याच प्रतिकारशक्तीच्या चिथावणीने फुटत राहतात. याला क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात आणि अशांपैकी पुष्कळांना सोबत ओठ-पापणी सुजते. तुझी सूज हिस्टामिनची आहे, हे तुझ्या गांधींनीच सांगून टाकलं. म्हणून तुला सी-४ वगैरे काही नको.

एक खात्री करून घे: एका गांधीभोवती पेनाने गोल काढ. चोवीस तासांत ती नाहीशी झाली, मागे डाग राहिला नाही, तर ठीक. दिवसाच्या पुढे टिकते, जळजळते, जांभळा डाग ठेवते, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखव, वेगळं काही असू शकतं.

साधा हिमोग्राम, सीआरपी आणि थायरॉइड एवढं कर. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन बंद. या आजारात बऱ्याच जणांच्या गांधी त्याने उसळतात. पाठीसाठी पॅरासिटामॉल चालेल का ते डॉक्टरांना विचार. झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी, बिलास्टिन किंवा फेक्सोफेनाडिनसारखी, रोज घ्यायची असते. उठल्या की घ्यायची, नाहीतर नाही, असं नाही. नेहमीच्या डोसने भागलं नाही तर डॉक्टर तो चौपटीपर्यंत वाढवू शकतात, त्यानेही नाही तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे. दर शनिवारी कोपऱ्यावर जाऊन स्टिरॉइडची सुई टोचून घेत असशील, पत्रात लिहिलं नाहीस तरी मला शंका आहे, तर ते थांबवायची वेळ आली असं त्याच डॉक्टरांना सांग. बहुतेकांचं हे दुखणं काही वर्षांत आपोआप निवळतं.

माझी आत्या गांधी उठल्या की आमसुलाचं पाणी चोळायची आणि काळ्या घोंगडीत गुंडाळून ठेवायची. आमसुलाने गार वाटतं, चोळ हवं तर. घोंगडी नको, उष्णतेने खाज वाढते. वांग्याचं भरीत आजच खा.

प्रश्न : सकाळी दोन्ही डोळे सुजलेले, संध्याकाळी दोन्ही पाय. हा तोच आजार का? — गृहिणी, सिडको, वय ४७

नाही. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा पडला तर ते साठलेलं पाणी आहे. अँजिओएडिमा सहसा एका बाजूला, वाकडातिकडा येतो, खळगा पडत नाही आणि असा घड्याळ लावून सकाळ-संध्याकाळ येत नाही. लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि बीपी या आठवड्यातच तपासा. हृदयाचं डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बघतील.

लग्नाच्या आधी केस रंगवले आणि तिसऱ्या दिवशी पापण्या सुजून पाणी गळू लागलं, असं तीन बायकांनी लिहिलंय. तेही हे नाही. ती डायमधल्या पीपीडी या रसायनाची त्वचेला झालेली ॲलर्जी. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीतही तेच असतं. पुढच्या खेपेला जास्त भडकेल, तेव्हा वरमाईचे केस पांढरे राहिले तरी चालतील.

प्रश्न : वय ६७, निवृत्त शिक्षक, सिन्नर. गेल्या वर्षापासून चेहरा सुजतो, तीन दिवस राहतो. खाज, गांधी काही नाही. घरात कुणालाच नाही. ‘प्रिल’ घेत नाही, कधी घेतली नाही. डॉक्टर म्हणतात, वयामुळे.

वयामुळे सुरकुत्या पडतात सर, सूज येत नाही. तुम्ही ‘प्रिल’चं आधीच लिहिलंत, शिक्षकच ते. उतारवयात नव्याने सुरू झालेली, न खाजणारी, तीन दिवस टिकणारी सूज म्हटल्यावर सी-४ आणि सी-१ इनहिबिटरच्या दोन्ही तपासण्या कराच, आणि तुमच्यासाठी चौथी जोडा: सी-१क्यू, सी-४च्याच साखळीतला आणखी एक घटक. आनुवंशिक प्रकारात तो सहसा ठीक असतो. नंतर जडलेल्या प्रकारात तो बहुतेकदा कमी होतो, कारण शरीर हे प्रथिन तयार करतं पण कुणीतरी ते वाटेत संपवून टाकतं. तो ‘कुणीतरी’ कधी रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आजार असतो, म्हणून सोबत प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून बघायची तपासणी, होते आणि रक्तविकारतज्ज्ञ मानेतल्या, काखेतल्या गाठी चाचपतात. कधी कधी सूज त्या आजाराच्या पुष्कळ आधी येते. मग लवकर सापडतो, हे बरंच. रिपोर्ट आले की मला कळवा, आणि तोवर प्रत्येक सुजेचा फोटो तारीख-वेळेसकट काढा. दवाखान्यात पोचेपर्यंत सूज उतरलेली असते आणि समोरचा डॉक्टर तुमच्याकडे संशयाने बघतो. फोटो असला की बघत नाही.

शेवटी, मंगळवारी रात्री अकरा वाजता ज्यांनी फक्त जिभेचा फोटो पाठवला, प्रश्न नाही, गाव नाही, त्यांच्यासाठी. मी लगेच दोनदा फोन केला, लागला नाही. फोटोच्या कोपऱ्यात पाण्याच्या तांब्याशेजारी एनालाप्रिलची पट्टी दिसतेय, सहा गोळ्या संपलेल्या. उरलेल्या घेऊ नका, आणि मला फोन करा.